तुम्ही विचारलंत म्हणून: बुडालेल्या जहाजाचं नाव पुन्हा का ठेवतात?

माझगाव डॉकमध्ये माझी सगळी नोकरी झाली. हल शॉपमध्ये, म्हणजे जहाजाचा पोलादी सांगाडा जिथे उभा राहतो तिथे. निवृत्तीनंतर शाळांमधून बोलायला बोलावतात, गावी मालवणला गेलो की कुणी ना कुणी ओसरीवर येऊन बसतं. विषय जहाजांचा निघतो आणि फिरून फिरून एकच प्रश्न येतो. १९७१ च्या युद्धात नौदलाची ‘खुकरी’ बुडाली, एवढी माणसं गेली, आणि तुम्ही पुन्हा ‘खुकरी’च बांधलीत? नाव बदलायला काय झालं होतं?

विचारणाऱ्यांत बायका जास्त. त्यातही ज्यांचा मुलगा किंवा नवरा समुद्रावर असतो त्या. म्हणून या प्रश्नाला अंधश्रद्धा म्हणून मी कधी उडवून लावलेलं नाही. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत आहे, पण ते आजोबा नातवंडं-पतवंडं बघून गेलेले असावे लागतात. तरणाताठा, अपघातात गेलेल्या माणसाचं नाव घरात पुन्हा ठेवायला कुणी धजावत नाही. पाळण्यातल्या पोराच्या आयुष्याची धास्ती वाटते. मग दोन-तीनशे माणसं ज्याच्या भरवशावर समुद्रात जाणार, त्या जहाजाला बुडालेल्या जहाजाचं नाव द्यायचं धाडस करायचं कसं?

नौदल ते करतं, आणि मला ते मनापासून पटतं. का पटतं ते सांगायचं तर आधी जहाजाला नाव मिळतं कसं ते सांगावं लागेल, कारण बहुतेकांनी टीव्हीवर फक्त नारळ फुटताना बघितलेला असतो.

बांधणी चालू असताना गोदीत जहाजाला नावानं कुणी हाक मारत नाही. त्याला नंबर असतो. नाव वर कुठेतरी ठरलेलंही असतं, पण ड्रॉइंगवर, जॉबकार्डावर, वेल्डरच्या तोंडी नंबरच. आजची ‘तारागिरी’ म्हणजे यार्ड १२६५३, ‘मोरमुगाव’ म्हणजे यार्ड १२७०५. पाण्यात उतरायच्या दिवशी हा नंबर मागे पडतो.

उतरणीच्या स्लिपवेवर, ठोकळ्यांच्या रांगेवर जहाज उभं असतं, मागची बाजू समुद्राकडे. त्याच्या पोटाखाली दोन्ही अंगांना लाकडी वाटा असतात. खालची वाट जमिनीला बांधलेली, वरची जहाजाबरोबर पाण्यात जाणारी. मधे चरबीचा आणि ग्रीसचा जाड थर. त्या दिवसाचं खरं काम पाहुणे यायच्या कितीतरी आधी सुरू होतं. दोन्ही बाजूंना माणसं घण घेऊन ओळीनं उभी राहतात आणि शिट्टी झाली की एकाच वेळी पाचरी ठोकतात. पुन्हा शिट्टी, पुन्हा ठोक. एकट्यादुकट्याच्या घणानं काही होत नाही, सगळ्यांचा घाव एकदम बसावा लागतो. असं करत करत हजारो टनांचा सांगाडा ठोकळ्यांवरून केसभर उचलला जातो आणि त्याचा भार खालच्या पाळण्यावर, आम्ही ज्याला क्रेडल म्हणतो त्यावर, येतो. मग ठोकळे एकेक करून काढायचे. त्या वेळी जहाजाखाली वाकून काम करणाऱ्या माणसाला डोक्यावर काय आहे याचा विचार करून चालत नाही. शेवटी ते अवाढव्य धूड दोन-चार खटक्यांवर अडून राहतं. ते खटके सुटले की जहाज सुटलं.

खटके सोडल्यावर पहिले काही क्षण काहीच होत नाही. बघणाऱ्याला वाटतं, अडलं. मग एखादा बोटभर सरकल्याचा भास होतो, लाकूड कण्हतं, आणि मग वेग असा वाढतो की ग्रीसमधून धूर निघतो. मागची बाजू आधी पाण्यावर उचलली जाते. त्या क्षणी सगळा भार पुढच्या टोकाच्या आधारावर येतो. बाहेरच्यांच्या टाळ्या तेव्हाच सुरू होतात, पण आमच्यातला कुणी तोवर टाळी वाजवत नाही. पुढचं टोकही पाण्यात गेलं, जहाज सरळ तरंगलं, टगांनी दोर घेतले, मग आमचा आवाज निघतो.

आता मुहूर्ताचं. तुमच्यापैकी अनेकांना वाटतं की एवढं मोठं जहाज सोडायचं तर गुरुजींकडून चांगला दिवस काढून घेत असतील. दिवस काढते भरती. स्लिपवेच्या टोकाशी पाणी पुरेसं खोल हवं, आणि मुंबईच्या बंदरात ते उधाणाच्या भरतीला मिळतं, म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आगेमागे. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या सुमाराला, पाणी चढतच नाही. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. हल्ली काही पाणबुड्या आणि जहाजं पाँटूनवर, म्हणजे मोठ्या तरंगत्या तराफ्यावर, घेऊन पाण्यात उतरवतात, तरी भरतीचं गणित सुटत नाही.

याचा परिणाम असा की आपण ज्या दिवसांत घराला साधा रंग लावत नाही, त्या दिवसांत युद्धनौका पाण्यात गेल्या आहेत. ‘मोरमुगाव’चं जलावतरण १७ सप्टेंबर २०१६ ला झालं, पितृपक्ष लागला त्या दिवशी. ‘तारागिरी’ ११ सप्टेंबर २०२२ ला, तेव्हाही पितृपक्षाची सुरुवात. त्या दिवशी तर ब्रिटनच्या राणीच्या निधनाचा राजकीय दुखवटा होता. समारंभ आटोपता घेतला, पण दिवस बदलला नाही, कारण भरती पुढे ढकलता येत नाही. आणि नवी ‘निलगिरी’ पाण्यात उतरली २८ सप्टेंबर २०१९ ला. त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती.

हे मी ओसरीवर सांगतो तेव्हा बायका एकमेकींकडे बघतात. मला तो योगायोग फार योग्य वाटला. पहिली ‘निलगिरी’ ही आमच्या डॉकनं बांधलेली पहिली मोठी युद्धनौका. १९६८ च्या दिवाळीच्या दिवसांत, २३ ऑक्टोबरला, इंदिरा गांधींच्या हस्ते तिचं जलावतरण झालं. ३ जून १९७२ ला ती नौदलात दाखल झाली. आमच्या आधीच्या पिढीतले कामगार तिच्याबद्दल घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसे बोलायचे. लिअँडर जातीच्या ब्रिटिश आराखड्यावर बेतलेलं जहाज, पण प्लेट कापण्यापासून सगळं इथे शिकत शिकत केलेलं. निवृत्तीनंतर १९९७ मध्ये क्षेपणास्त्राच्या सरावात लक्ष्य म्हणून ती समुद्रातच बुडवली गेली. तिचं नाव पुढे चालवणारं जहाज पूर्वजांना पान वाढायच्या दिवशी पाण्यात उतरलं, यात मला तरी अशुभ काही दिसत नाही.

नाव द्यायचा मान बाईचा. आपल्या नौदलात ही प्रथा ब्रिटिशांकडून आली, पण ती इथे रुजली ती आपल्या पद्धतीनं. अथर्ववेदातल्या ऋचा म्हणतात, कुंकू लावतात, जहाजाचं नाव मोठ्यानं उच्चारतात आणि नारळ वाढवतात. २६ जुलै २००९ ला विशाखापट्टणमला ‘अरिहंत’ या अणुपाणबुडीला पाण्यात सोडताना तेव्हाच्या पंतप्रधानांच्या पत्नी गुरशरण कौर यांनी तिच्या अंगावर नारळच फोडला. नारळी पौर्णिमेला जो समुद्राला द्यायचा, तो होडीच्या नाळीवर वाढवायला कोळ्या-खारव्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मुंबईच्या गोदीला तर याहून जुना संस्कार माहीत आहे. वाडिया मंडळी इथे सागवानी जहाजं बांधत, तेव्हा कील, म्हणजे जहाजाचा तळाचा कणा, घालताना तिच्यात चांदीचा खिळा ठोकायची पारशी रीत होती. १८१६ च्या मे महिन्यात जमशेटजी बमनजी वाडियांनी ‘त्रिंकोमाली’च्या कीलमध्ये असा कोरीव खिळा ठोकला. ते जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरलं आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगत उभं आहे. मलबारचं सागवान, मुंबईचे सुतार.

या मानाबद्दल माझं एक मत आहे आणि ते मी डॉकमध्ये असतानाही बोलून दाखवायचो. आपल्याकडे हा मान बहुतेक वेळा मंत्र्यांच्या किंवा नौदलप्रमुखांच्या पत्नीला मिळतो. ‘खांदेरी’ला बीना भामरे यांनी नाव दिलं, ‘वागीर’ला गोव्याहून दूरदृश्य प्रणालीवरून विजया नाईक यांनी, नव्या ‘निलगिरी’ला सावित्री सिंह यांनी. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण जे नाव आधी कुणीतरी समुद्रावर वागवलेलं आहे, ते नव्या जहाजाला देताना त्या जुन्या जहाजावरच्या एखाद्याची पत्नी, लेक, नात पुढे यावी असं मला फार वाटतं. अमेरिकेत याचं एक उदाहरण आहे. नोव्हेंबर १९४२ मध्ये ‘जुनो’ ही क्रूझर बुडाली, त्यात सलिव्हन घरातले पाचही भाऊ गेले. एप्रिल १९४३ मध्ये ‘द सलिव्हन्स’ ही विनाशिका पाण्यात सोडली ती त्यांच्या आईनं, अलेटा सलिव्हन यांनी. पुढे १९९५ मध्ये त्याच नावाची दुसरी विनाशिका सोडली ती त्या पाचांपैकी अल्बर्टच्या नातीनं. पाच मुलं गमावलेल्या बाईला हे करायला लावणं निष्ठुरपणाचं वाटेल. मला उलट वाटतं. त्या जहाजावर तिच्याएवढा हक्क आणखी कुणाचा होता?

जलावतरण झालं म्हणजे जहाज नौदलाचं झालं, असा एक सर्रास गैरसमज आहे. पाण्यात जातो तो रिकामा सांगाडा. इंजिनं, केबल, पाइप, तोफा, रडार, स्वयंपाकघर, बंक, सगळं त्यानंतर बसवायचं आणि मग समुद्रात चाचण्या घ्यायच्या. ‘मोरमुगाव’ला सहा वर्षांहून अधिक लागली. ती १८ डिसेंबर २०२२ ला दाखल झाली. नावापुढे ‘आयएनएस’ लागतं ते या दुसऱ्या दिवशी, कमिशनिंगला. कमांडिंग ऑफिसर जहाज ताब्यात घेण्याचा हुकूम वाचून दाखवतो, राष्ट्रगीत होतं, नौदलाचा झेंडा चढतो आणि डोलकाठीवर एक लांब, निमुळती पताका फडकते. तिला कमिशनिंग पेनंट म्हणतात. जहाज सेवेत आहे तोवर ती रात्रंदिवस वर राहते. खाली उतरते ती निवृत्तीच्या दिवशी, सूर्यास्ताला.

आता ‘खुकरी’.

पहिली ‘खुकरी’ ब्रिटनमध्ये बांधलेली, पाणबुड्या शोधून मारण्यासाठीची छोटी फ्रिगेट. १९७१ च्या युद्धात ९ डिसेंबरच्या रात्री, दीवपासून साधारण ४० सागरी मैलांवर, ज्या पाणबुडीच्या शोधात ती निघाली होती त्या पाकिस्तानच्या ‘हंगोर’नंच तिला टॉर्पेडो मारला. काही मिनिटांत जहाज गेलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक, एकूण १९४ माणसं. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी माणसांना जहाज सोडायला लावलं, आपलं लाइफजॅकेट एका नौसैनिकाला दिलं आणि स्वतः जहाजावरच राहिले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. जे बचावले, त्यांना दुसऱ्या दिवशी पाण्यातून काढलं.

१९४ हा आकडा मी शाळेत सांगतो तेव्हा मुलांना तो नुसता आकडा वाटतो. म्हणून त्यांना सांगतो, तुमच्या शाळेच्या इयत्तेच्या चार तुकड्या मोजा. त्या १९४ मधल्या बहुतेकांच्या घरी काहीच परत आलं नाही. देह नाही, अस्थी नाहीत. आईनं डोळ्यांनी बघितलं नाही, मुलानं अग्नी दिला नाही. जमिनीवर पडलेल्या सैनिकाचं निदान एक ठिकाण असतं, जिथे जाऊन फूल ठेवता येतं. समुद्रात गेलेल्यांचं ते ठिकाण म्हणजे जहाज, आणि जहाजच तळाशी. मागे शिल्लक राहतं ते नाव. ते नाव पुन्हा कधी कुणी घ्यायचंच नाही असं ठरवलं, तर ती माणसं इतिहासाच्या पुस्तकात एका तारखेपुरती उरतात. तेच नाव नव्या जहाजाला दिलं, तर त्यावर रुजू होणारा अठरा-एकोणीस वर्षांचा प्रत्येक पोरगा पहिल्याच दिवशी विचारतो, हे नाव कुठून आलं? आणि कुणीतरी त्याला ९ डिसेंबरची रात्र सांगतं. त्याच्या टोपीवरच्या पट्टीवर, जेवायच्या ताटाच्या कडेला, सुट्टीच्या अर्जावर ते नाव असतं. १९४ माणसांसाठी याहून जिवंत आठवण मला तरी सुचत नाही.

नवी ‘खुकरी’ आम्ही माझगावला बांधली. देशी आराखड्याची कॉर्व्हेट, म्हणजे फ्रिगेटहून लहान युद्धनौका, तिच्या जातीतली पहिली. २३ ऑगस्ट १९८९ ला मुंबईत ती नौदलात दाखल झाली, तेव्हाचे संरक्षणमंत्री कृष्णचंद्र पंत आणि सुधा मुल्ला यांच्या हस्ते. सुधा मुल्ला म्हणजे कॅप्टन मुल्लांच्या पत्नी. ज्या नावानं त्यांचा नवरा नेला, त्याच नावाचं नवं जहाज त्यांनी जवळपास अठरा वर्षांनी स्वतःच्या हातानं नौदलात दाखल केलं. ‘अशुभ नाही का वाटलं?’ असं विचारायचा हक्क जगात कुणाला असेल तर तो त्यांना होता, आणि त्या व्यासपीठावर उभ्या होत्या. मी हे सांगितलं की ओसरीवरचा प्रश्न बहुधा तिथेच थांबतो.

पण पुढचंही ऐका. ही दुसरी ‘खुकरी’ बत्तीस वर्षं चालली. पश्चिम ताफ्यात राहिली, पूर्व ताफ्यात राहिली, २८ कमांडिंग ऑफिसर तिनं बघितले, ६ लाख ४४ हजारांहून अधिक सागरी मैल तोडले. लष्कराच्या गोरखा ब्रिगेडशी तिचं नातं जोडलेलं होतं, आणि निरोपाला त्या ब्रिगेडचे अधिकारी हजर राहिले. २३ डिसेंबर २०२१ ला विशाखापट्टणममध्ये सूर्यास्ताला तिची पताका उतरली. मग ती भंगारात गेली नाही. तिला दीवला नेलं आणि २६ जानेवारी २०२२ ला तिथल्या प्रशासनाच्या हवाली केलं, संग्रहालय म्हणून. दीवच्या टेकडीवर समुद्राकडे तोंड करून पहिल्या ‘खुकरी’चं स्मारक आहे, काचेत ठेवलेली तिची प्रतिकृती. त्याच दीवच्या किनाऱ्याला दुसरी ‘खुकरी’ जाऊन लागली. म्हणजे तुमच्याच रीतीनं बघायचं झालं, तरी हे नाव आता अकाली गेलेल्याचं राहिलेलं नाही. पूर्ण आयुष्य जगून, सगळं बघून निवृत्त झालेल्या जहाजाचंही ते नाव आहे. ते सध्या कुठल्याही सेवेतल्या जहाजावर नाही. तिसरी ‘खुकरी’ यावी असं मला फार वाटतं, आणि ती पाण्यात सोडताना १९४ पैकी एखाद्या साध्या नौसैनिकाची नात पुढे असावी.

‘खुकरी’ हे टोकाचं उदाहरण. बाकी नावं शांतपणे हातोहात पुढे जात असतात. जुनी ‘करंज’ पाणबुडी १९६९ मध्ये सोव्हिएत संघात रिगाला दाखल झाली होती. नवी ‘करंज’ माझगावची, १० मार्च २०२१ ला दाखल झाली, आणि त्या कार्यक्रमाला ॲडमिरल विष्णूसिंह शेखावत आले होते. जुन्या ‘करंज’च्या पहिल्या तुकडीत ते होते, १९७१ च्या युद्धात तिचे कॅप्टन होते आणि नंतर नौदलप्रमुख झाले. ‘खांदेरी’ तर आपल्या घरची. थळच्या समोरच्या त्या बेटावर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रज व सिद्दी दोघांना तो सलला. त्या नावाची पहिली पाणबुडी १९६८ ते १९८९ सेवेत होती, दुसरी २०१९ मध्ये आली. माझ्या गावाचं नावही यात आहे. जुना ‘मालवण’ हा सुरुंग काढणारा छोटा माइनस्वीपर २००३ पर्यंत नौदलात होता. ३० नोव्हेंबर २०२३ ला कोचीला नवी ‘मालवण’ पाण्यात उतरली, तेव्हा आमच्याकडे बाजारात पेढे वाटले गेले असते तर मला आनंद झाला असता. बहुतेकांना बातमीच माहीत नव्हती.

आणि ‘विक्रांत’. ४ मार्च १९६१ ला बेलफास्टमध्ये विजयालक्ष्मी पंडितांच्या हस्ते दाखल झालेली, बांगलादेशच्या युद्धात बंगालच्या उपसागरात बॉयलर नीट चालत नसताना लढलेली, आणि पुढे मुंबईकरांनी रांगा लावून आतून बघितलेली. ती २०१४ मध्ये दारुखान्याला तोडायला गेली, ते मला आजही सहन होत नाही. नवी ‘विक्रांत’ २ सप्टेंबर २०२२ ला आली, तिलाही जुनाच क्रमांक दिला, आर-११. जुन्या विक्रांतची घंटा दिल्लीत जपून ठेवलेली होती, ती २०२३ मध्ये नवीवर पोचली. नाव, क्रमांक, घंटा. जहाज वाचवता आलं नाही, निदान एवढं तरी पुढे गेलं.

प्रत्येक नाव परत येतंच असं नाही, हेही सांगायला हवं. ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीत स्फोट झाला, १८ जण गेले. ते नाव आजवर नव्या जहाजाला मिळालेलं नाही. ते यावं असं मला वाटतं. त्या अठरा जणांनाही तोच न्याय लागतो.

जाता जाता एक विनंती, कारण या प्रश्नाच्या मागून नेहमी दुसरी एक गोष्ट निघते. ‘आमचे आजोबापण नेव्हीत होते’, असं कुणीतरी म्हणतं. कुठल्या जहाजावर? माहीत नाही. घरात फोटो असतो, पदकं असतात, टोपी असते, पण जहाजाचं नाव कुणाला सांगता येत नाही. शेजारच्या गावातले एक काका पहिल्या ‘निलगिरी’वर इंजिनरूममध्ये होते. जानेवारी २०२५ मध्ये नवी ‘निलगिरी’ दाखल झाल्याची बातमी टीव्हीवर लागली, ती त्यांच्या घरच्यांनी बघितली आणि चॅनेल बदललं. काका जाऊन काही वर्षं झाली होती. पुढे त्यांच्या नातवानं शाळेच्या प्रकल्पासाठी ट्रंक उघडली, डिस्चार्जचे कागद काढले आणि माझ्याकडे घेऊन आला. त्यात जहाजाचं नाव वाचून त्याच्या आजीनं एवढंच विचारलं, ‘मग आम्हाला कुणी सांगितलं का नाही?’

सांगणार कोण? नौदल हजारो घरांत जाऊन सांगू शकत नाही. म्हणून घरात कुणी नौसैनिक असेल किंवा होता, तर हे कागद काढा. डिस्चार्जचं पुस्तक असेल त्यात सगळ्या जहाजांची आणि तळांची नावं तारखांसकट असतात. ते हरवलं असेल तर आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात नोंद आहे का विचारा. नौसैनिकांच्या सेवेच्या नोंदी मुंबईत मानखुर्दला चीता कॅम्पातल्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात, तिथे नंबर आणि नाव देऊन लिहिता येतं. माणूस हयात असेल तर कागदाआधी त्यालाच विचारा: जहाज कुठलं, कुठल्या साली चढलात, काम काय होतं, बंक कुठे होता, कॅप्टन कोण होते. १९७१ ला विशीत असलेला माणूस आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. हे विचारायला पुढची दिवाळी, पुढचा गणपती धरू नका. आणि ते लिहून काढलंत की मला पाठवा, त्या नावाचं जहाज आज सेवेत आहे का ते मी बघून कळवेन.